आक्कांच्या मार्गारिटासाठी उटनूरपर्यंत

नागपूरच्या दवाखान्यातून आम्ही दोघी जावा आदिलाबादच्या बसनं परत निघालो, तेव्हा पांढरकवडा येईपर्यंत आक्का खिडकीबाहेर पाहत बसल्या. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. जिभेच्या उजव्या कडेची जी जखम कित्येक महिने भरत नव्हती, ती साधी नव्हती. जिभेचा तेवढा भाग काढावा लागणार होता, पुढे किरणांचा शेकही द्यायचा होता. चव किती राहील, बोलणं किती स्पष्ट येईल, हे आज कोणी सांगू शकत नव्हतं. पुढच्या सोमवारी भरती व्हायचं होतं.

मी मुळातच भित्री. अंगणात साप निघाला असं शेजारी कोणी नुसतं म्हटलं तरी मी रात्रभर पाय वर घेऊन झोपते. आक्का माझ्या अगदी उलट. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत अस्तर, फॉल आणि दोऱ्यांचं दुकान टाकलं. मी लग्न होऊन आदिलाबादला आले ती त्यांच्या हाताखालीच शिकले. म्हणून त्या बसमध्ये मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत होती, तर आक्का रडतील याची.

त्या रडल्या नाहीत. पदर सारखा करून म्हणाल्या, "सुले, मले एकदा मार्गारिटा प्याची हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

आक्कांचा मुलगा प्रशांत टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला असतो. नातवंडं सांभाळायला आक्का तिकडे बरेच दिवस राहून आल्या होत्या. दर शुक्रवारी सून त्यांना मेक्सिकन खानावळीत न्यायची. टेक्सासात राहून तिथलंच झालेलं ते मेक्सिकन जेवण: मक्याच्या पातळ पोळ्या, घेवडा, भाजलेल्या टोमॅटोची तिखट चटणी, वर वितळलेलं चीज. त्याबरोबर मार्गारिटा, म्हणजे टकीला नावाची त्यांची दारू, लिंबाचा रस आणि बर्फ, आणि ग्लासाच्या काठाला मीठ. पहिल्यांदा सुनेनं सरबत म्हणून दिली, दुसऱ्यांदा आक्कांनी मागून घेतली. आमच्या गल्लीत ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हती, आणि मला माहीत आहे याचीसुद्धा मला धास्ती असायची.

"मंग नागपुरातच पाह्यलं असतं," मी हळूच म्हटलं. "तिथं मोठमोठी हॉटेलं हायत."

"नागपूर म्हटलं का मले दवाखान्याचा वास येते. अन् शनिवारी प्रशांत येऊन राह्यला. तो आला का मले पेजेवर ठेवन. जे कराचं ते त्याच्या आधी, अन् आपल्याच जिल्ह्यात."

नाही म्हणायला माझ्याकडे पुष्कळ कारणं होती. पण इतक्या वर्षांत आक्कांनी माझ्याजवळ स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवेना. मी होकाराची मान हलवली.

आदिलाबाद

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून आम्ही निघालो. गावात कॉलेजच्या रस्त्याला एक नवीन कॅफे झालाय. भिंतीवर रंगीत दिवे, उंच स्टुलं, आणि बाहेरच्या फलकावर चायनीज, इटालियन, मेक्सिकन असं सगळं एकाखाली एक. आत सगळी कॉलेजची पोरं. आम्हा दोघींना पाहून सगळ्यांनी माना वळवल्या. मी तोंडावर पदर घेतला. आक्का मात्र काउंटरजवळच्या टेबलावर ऐसपैस बसल्या.

"मेक्सिकन काय हाय?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

मेक्सिकन म्हणजे भात निघाला. त्यात स्वीट कॉर्नचे दाणे, ढोबळी मिरची आणि भरपूर टोमॅटो सॉस. आक्कांनी एक घास डाव्या गालात धरला आणि ताट बाजूला सारलं.

"अन् मार्गारिटा?"

"आहे ना, आंटी," ती मुलगी म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पिझ्झा आणून ठेवला. त्याचंही नाव तेच होतं.

आक्का हसायला लागल्या. हसताना जीभ दाताला लागली असावी, कारण एकदम त्यांनी गाल दाबून धरला आणि डोळे मिटले. मी उठून पाणी आणायला वळले, तर दारात आमच्या दुकानात नेहमी येणारी एक बाई लेकीबरोबर उभी. "अवं, तुमी इथं?" ती म्हणाली. मी काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही. 

मी म्हटलं, झालं, आता घरी चला. पण आक्का ऑटोवाल्याला हायवेच्या बाजूचं एक हॉटेल सांगून मोकळ्या झाल्या होत्या. तिथं खाली बार आणि वर पडदे लावलेली फॅमिली खोली. जिन्यावर दारूचा आणि तळलेल्या मासळीचा वास. आमच्या घरातल्या कोणत्याही बाईनं असल्या जिन्यावर पाय ठेवला नसेल. प्रत्येक पायरीवर मला यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा चेहरा दिसत होता.

मॅनेजर भला माणूस होता. आक्कांनी मेक्सिकन जेवण आणि मार्गारिटा विचारल्यावर त्यानं कान पकडल्यासारखं केलं. "अम्मा, टकीला नै है हमारे पास. कोई पूछता इच नै. होर ये लेडीज लोगां का जगा नै है. आप घर जाओ."

आम्ही खाली उतरलो. उतरताना मला दिसलं, जिन्यालगतच्या टेबलावरचा एक माणूस आमच्याकडे एकटक पाहत होता. आम्ही रस्त्यावर आलो तर तोही उठून मागे आला. मी आक्कांचा हात धरून भराभर चालायला लागले. त्याची पावलंही भराभर वाजू लागली. कपाशीच्या गाड्या लागलेल्या, धुळीनं काही दिसेना, आणि एकही ऑटो रिकामा नाही.

"मावशी, थांबा," मागून आवाज आला.

मी थांबले नाही. आक्का थांबल्या.

"काऊन मागं येऊन राह्यला रे बाबा?" त्यांनी विचारलं.

तो धापा टाकत होता. भैंसा गावच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि कापसाच्या कामानं आला होता. "तुमी मेक्सिकनचं पुसून राह्यल्या होत्या म्हून आलो. उटनूरच्या पुढं एक गंगाराम हाय. तिकडं आखातात, दोह्याले, टेक्सासवाल्या हॉटेलात खानसामा होता. आमी साहेब लोकायले घेऊन गेल्तो एकदा. तो बनवते. पण रस्ता जंगलाचा हाय, उजेडातच या."

एवढं सांगून तो परत गेला. 

उटनूर

घरी सांगितलं की केसलापूरला नागोबाच्या दर्शनाला जाऊन येतो. देवाच्या नावानं खोटं बोलल्यामुळे सकाळपासूनच माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमच्याकडे बायकांना सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. त्यामुळे उटनूरच्या बसमध्ये बायकाच बायका होत्या, डोक्यावरच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसलेल्या.

गुडीहतनूरला हायवे सुटतो आणि मग गाव कमी, झाड जास्त असं होत जातं. दोन्ही बाजूंना कापूस फुटून पांढरा झालेला, मध्येच ज्वारीचा पट्टा, आणि त्यामागे सागाचे डोंगर. पानं वाळायला लागली होती. एरवी मी हे पाहून खूश झाले असते. पण गुडीहतनूरलाच चढलेली एक बाई शेजारी बसली आणि बोलायला लागली.

"परवा आमच्या शिवारात गोऱ्हा मारला वाघानं. पैनगंगेच्या पलीकडून येतात म्हणते. आता आमी वेचाले जातो तं टिनाचे डबे वाजवत जातो. एकटं कोणीच जात नाही."

"माणसाले काही करते का?" मी विचारलं.

"वाकून वेचत असलं का त्याले जनावर वाटते," ती शांतपणे म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

केसलापूरचा फाटा आला तेव्हा मी बसमधूनच हात जोडले. आक्का खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होत्या. त्यांचा गाल किंचित सुजलेला दिसत होता. काल तो तसा नव्हता. एका रात्रीत वाढलं की काय? मी पाहायचं नाही असं ठरवून पुन्हा पुन्हा पाहत होते.

उटनूरला उतरून आम्ही चहावाल्याला विचारलं. गंगारामची खानावळ आधी बसस्टँडजवळ होती, आता ती त्याच्या गावाच्या रस्त्याला नेलीय, असं त्यानं सांगितलं. आम्हाला एक ऑटो मिळाला. ऑटोवाला म्हणाला, "सोडतो. पण वापस याले मी नाही. चारनंतर तिकडं कोणी ऑटो नेत नाही."

"मंग आमी कसं येऊ?" मी म्हटलं.

"पाहू," आक्का म्हणाल्या आणि आत बसल्या.

गंगारामची खानावळ

सागाच्या झाडीत एक मोकळी जागा. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, मातीची चूल आणि बाहेर टिनाच्या फलकावर रंगवलेलं हिरवं निवडुंग. सुट्टीच्या दिवशी उटनूरचे तरुण डॉक्टर आणि इंजिनियर इथं येतात म्हणे. त्या दिवशी कोणी नव्हतं. चाळिशीतला एक जाड माणूस मका निवडत बसला होता. आक्कांनी "गंगाराम तूच का?" विचारलं तेव्हा तो उभा राहिला. आणि आक्कांनी मार्गारिटाचं विचारलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"इथं दारू नाही भेटत, अम्मा. कोणी सांगितलं तुमाले? मी जेवणच देतो फक्त."

तो दाराकडे पाहायला लागला, जणू आमच्या मागून आणखी बायका येणार आहेत. मला उशिरानं कळलं. आमच्या भागात महिला संघमच्या, म्हणजे बचत गटाच्या बायका दारूच्या अड्ड्यांवर चालून जातात, मडकी फोडतात. त्याला वाटलं आम्ही त्यातल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी घाबरलं होतं.

आक्का खुर्चीवर बसल्या. तोंड उघडून, जीभ डावीकडे सारून त्यांनी त्याला ती जखम दाखवली. मी इतक्या दिवसांत नीट पाहिली नव्हती. तिच्या कडा पांढुरक्या, उचललेल्या. मी मान फिरवली.

"सोमवारी कापून राह्यले," आक्का म्हणाल्या. "मंग चव राहीन का नाही, देवाले माहीत. म्हून आली."

गंगारामनं वाकून जखम पाहिली. मग म्हणाला, "मीठ-लिंबू झोंबन, अम्मा."

"झोंबू दे."

त्यानं दार अर्धं लोटून घेतलं आणि कामाला लागला. आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवलेला मका त्यानं चोळून चोळून धुतला. चुना पाहून मी दचकले, पण तो म्हणाला की तिकडे असाच करतात, धुतला की काही राहत नाही. पाट्यावर वाटून त्यानं पातळ पोळ्या थापल्या. आपली भाकर फुगते, ही तशी फुगत नाही, पण वास मात्र पहिल्या पावसानंतरच्या कणसासारखा आला. टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर काळ्या केल्या. गावठी कोंबडीचं रस्सेदार मांस पोळीत गुंडाळून वर चटणी ओतली. आतून टकीलाची एक अर्धी बाटली आणली. कोण्या डॉक्टरानं हैदराबादहून आणून ठेवलेली. स्टीलच्या ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवून तो मिठात टेकवला आणि त्यात मार्गारिटा ओतली.

मी चटणीचं बोट चाखलं. धुराची, आंबट, आमच्या ठेच्याहून मऊ. चव चांगली होती. 

आक्कांनी ग्लास डाव्या कोपऱ्याला लावला. पहिल्या घोटाला त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्याला त्यांनी टेबलाची कड धरली.

"आक्का, पुरे," मी म्हटलं.

"गप."

त्या घास घेत होत्या, सावकाश, एका बाजूनं, मध्ये थांबून. चेहऱ्यावर वेदना आणि सुख इतकं एकमेकांत मिसळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गंगाराम चुलीपाशी उभा राहून पाहत होता. त्यानं विचारलं, "बरोबर झाली का?" तर आक्कांनी मान हलवली. "तिकडच्यापेक्षा लिंबू जास्त हाय. तेच बरं हाय."

मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि मला दिसलं, काठावरचं मीठ लाल झालं होतं.

 आक्कांनी पदर तोंडाला लावला, तो काढला तर त्यावर मोठा डाग. गंगारामनं धावत जाऊन बर्फ आणला, फडक्यात बांधून दिला. त्या तो तोंडात धरून बसल्या. फडकं गुलाबी झालं, दुसरं दिलं, तेही झालं. उटनूरचा दवाखाना किती लांब, ऑटो नाही, फोनला रेंज कधी येते कधी जाते. मी आक्कांच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी होते आणि मनात म्हणत होते की ही बाई इथं मेली तर मी प्रशांतला काय सांगू, घरी काय सांगू. आणि लगेच मला स्वतःची शरम वाटली, की त्यांच्या जिवाच्या आधी मला सांगायचं काय हे सुचलं.

बऱ्याच वेळानं फडकं पांढरं राहिलं. गंगाराम घामानं भिजला होता.

"माझी चूक झाली," तो म्हणाला.

आक्कांनी हातानंच नाही म्हटलं.

परतीचा रस्ता

ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं होतं. उटनूरहून आदिलाबादची शेवटची बस चुकली तर मुक्कामाला ओळखीचं कोणी नव्हतं. गंगाराम म्हणाला, मोटरसायकलवर तिघं बसू. पुढे तो, मध्ये आक्का, मागे मी. आक्कांना दोन्ही हातांनी धरून मी बसले. माझ्या पाठीला आधार कशाचाच नव्हता, मागे नुसता रस्ता. काहीतरी मागून येतंय असं सारखं वाटत होतं आणि वळून पाहायचा धीर होत नव्हता.

एका वळणावर समोरून गुरं आली. धावत, शेपट्या वर, रस्ताभर पसरून. गंगारामनं गाडी कडेला घेतली. गुरं आमच्या अंगावरून घासत गेली, त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या हाताला लागली. मागे गुराखी नव्हता. गुरं गेली आणि सगळं एकदम गप्प झालं. पाखरूसुद्धा नाही.

"गंगाराम," मी म्हटलं, "चला ना."

"थांबा, अम्मा. गुराखी येऊ द्या."

तो हॉर्न दाबून धरून बसला. डावीकडच्या गवतात काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. आक्कांचं शरीर माझ्या हातात थरथरत होतं. मला वाटलं ती माझीच थरथर आहे.

मग एक म्हातारा पळत आला. हातात काठी, पायात चप्पल एकच. तो गोंडीत काहीतरी बोलला. गंगारामनं मला सांगितलं, "दिसला नाही म्हणते. ढोरायनं वास घेतला." म्हातारा गुरांमागे पळाला. गंगारामनं गाडी अशी काढली की उटनूरचे दिवे दिसेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

बस उभी होती. त्यानं आम्हाला चढवून दिलं, खिडकीतून बर्फाची पिशवी दिली आणि बस सुटेपर्यंत तिथंच उभा राहिला.

इंद्रवेल्ली मागे पडली तेव्हा आक्कांनी तोंडातला बर्फ काढला. जीभ जड झाली होती, शब्द ओले येत होते.

"मले भ्या वाटते, सुले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर पाहत होत्या. "वाघाचं नाही. सोमवारचं. नागपूरहून आल्यापासून वाटून राह्यलं. तुले सांगितलं तं तू अजून भेशील, म्हून नाही सांगितलं."

मला काही तरी धीराचं बोलायला हवं होतं. मला धीराचं बोलता येत नाही. मी म्हटलं, "मलेही वाटते." त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

आदिलाबादच्या स्टँडवर हे घ्यायला आले होते. पदरावरचा डाग पाहून त्यांनी विचारलं, "हे काय झालं? अन् कुठं गेल्त्या?"

"उटनूरले," मी म्हटलं. "आक्काले जेवाचं होतं."  यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि आक्कांना हात धरून ऑटोत बसवलं.

नंतर

प्रशांत आला, सोमवार आला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ठरवल्यापेक्षा थोडं जास्तच काढावं लागलं. मग शेक. आक्का पार सुकून गेल्या. आता त्या दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाइकं त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात, जणू त्यांना ऐकू येत नाही. त्या बोलतात ते बहुतेकांना कळत नाही. मलाही अर्धंच कळतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. तारीख जवळ आली की आम्ही दोघी तिचा विषय एकमेकींसमोर काढत नाही.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी दोऱ्याची रिळं लावत होते. आक्का काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. पुन्हा म्हणाल्या, तरी नाही. त्या चिडल्या, मग एकेक शब्द सुटा करून, माझ्या तोंडाकडे पाहत त्यांनी सांगितलं.

"भ्या गेलं नाही अजून."

"माझंही नाही गेलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग मी शटर अर्धं ओढलं, त्यांच्यासाठी भात मऊ कालवला, आणि आम्ही दोघी जेवायला बसलो.